तुम्ही लावलेले मेल फिल्टर आणि त्यांचे पराक्रम

कढीलिंब
परवा जीमेलने जागा संपत आल्याची पट्टी दाखवली. १५ जीबी! २००४ साली १ जीबी मिळाली तेव्हा सात पिढ्यांना पुरेल असं वाटलं होतं. साफसफाईला बसले आणि सहज सेटिंगमधली फिल्टरची, म्हणजे अमका मेल आला की त्याचं काय करायचं या आपणच लावलेल्या नियमांची, यादी उघडली. ४१ निघाले. एकेक वाचत गेले, साफसफाई राहिली बाजूलाच.

सगळ्यात जुना विवाहस्थळांच्या साइटचा. तिकडून मेल आला की इनबॉक्समध्ये न येता थेट 'आई' या लेबलखाली. मी ती स्थळं बघतच नव्हते, रविवारी आई कॉम्प्युटरपुढे बसून बघायची, वहीत उतरवायची. लग्न होऊन १४ वर्षं झाली. फिल्टर बापडा अजून इमानेइतबारे स्थळं बाजूला काढतोय. ताजं स्थळ: वय ४२, स्वतःचा फ्लॅट, नाशिक. नवऱ्याला दाखवलं तर म्हणतो, फ्लॅट केवढ्याचा आहे विचार.

तुमचे लिहा. फसलेले असतील तर आधी.

तीन_तेरा
फसलेला घ्या. मेलमध्ये 'सेल' असा शब्द दिसला की डिलीट. कपडेवाल्यांनी वात आणला होता. दोन वर्षं सुखात गेली. मग गावाकडच्या प्लॉटचा व्यवहार निघाला. वकील म्हणे मसुदा पाठवला, मी म्हणे नाही आला. परत पाठवला. नाही आला. तिसऱ्या वेळी वकीलसाहेब फोनवर, "अहो, तुम्हाला नक्की विकायचाय ना?" विषय काय लिहिलेला, तर 'सेल डीड ड्राफ्ट'. तिन्ही मसुदे ट्रॅशमध्ये शेजारी शेजारी. तिथून ३० दिवसांनी कायमचे जातात, मला २६व्या दिवशी सापडले.

सांडगे
😂😂 वकिलाने फी वाढवली का?

तीन_तेरा
फी नाही वाढवली. आता मेल टाकला की फोन करून सांगतो. दर वेळी.

निवांत
डिलीट लावूच नये हो कधी. 'स्किप द इनबॉक्स' आणि एक लेबल, बस. महिन्याने चाळायचं आणि मग झाडू मारायचा. आणि नियम बनवायच्या आधी तेच शब्द वरच्या सर्चमध्ये टाकून बघा, काय काय जाळ्यात येतंय ते तिथेच दिसतं. तिथूनच फिल्टर बनवता येतो.

अबोली७
मला फोनवर हे सापडतच नाहीये. कुकर लावून शोधतेय, चार शिट्ट्या झाल्या.

निवांत
ॲपमध्ये नाहीच ते. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडा. एकदा बनवलात की फोनवरही लागू होतो. कुकर बंद करा आधी.

परदेशी_पाटील
न्यू जर्सीहून. माझा मेल आयडी म्हणजे नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव. फार लवकर मिळाला म्हणून मिरवायचो. आता महाराष्ट्रातले यच्चयावत पाटील आपला पत्ता म्हणून माझाच देतात. मध्ये टिंब टाकून देतात, पण जीमेलला टिंबाने काही फरक पडत नाही, येतं सगळं माझ्याकडे. कोणाचं वीजबिल, कोणाच्या ट्रॅक्टरच्या हप्त्याची आठवण, कोणाचं खाजगी बसचं तिकीट (ते बघून मला उगाच स्टँडवर जावंसं वाटतं). प्रत्येकाला एक फिल्टर लावलाय. एका शाळेचा तेवढा लावला नाही. दोनदा कळवलं की पत्ता चुकलाय, पण पाठवतातच. ती मुलगी तिसरीत होती, आता सातवीत आहे. गणितात सुधारलीय.

कढीलिंब
पाटील, हे भारी आहे. गणिताचं तिला कळवा हो कोणीतरी.

घाटावरचा
ऑफिसात औटलुक. नवा होतो तेव्हा नियम केला की मी नुसता सीसीमध्ये असेन, म्हणजे मेल दुसऱ्याला आणि मला फक्त माहितीसाठी प्रत, तर मेल बाजूला. शांतता! तिसऱ्या आठवड्यात कळलं की आमचे साहेब कामं सीसीतच सांगतात. पुढे साहेबांसाठी वेगळा नियम केला तो यादीत खाली, वरच्याने मेल आधीच उचललेला आणि पुढचे नियम थांबवायची खूणही तिथे होतीच. क्रम बघा रे बाबांनो.

शेवग्याची_शेंग
आमचे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. स्पॅमला उत्तरं लिहायचे. "महोदय, आपले पत्र पावले. मला सद्यःस्थितीत कर्जाची आवश्यकता नाही. कळावे." आवक-जावक नोंदवहीची सवय, दुसरं काय. मी गुपचूप नियम लावले. चौथ्या दिवशी फोन, "तो नायजेरियाचा वकील, ज्याचे मेव्हणे वारले, त्याचं पुढे काही कळलं का?"

सांडगे
सांत्वनाचं पत्रही गेलं असेल!

शेवग्याची_शेंग
गेलं होतं. 🙏

निवांत
गंमत खरी, पण उत्तर देऊ नका कोणी. पत्ता चालू आहे एवढंच त्यांना हवं असतं. शिवाय बाबांना खातं नंबर वगैरे विचारला नाही ना त्याने?

शेवग्याची_शेंग
विचारला होता. बाबांनी कळवलं, "योग्य मार्गाने अर्ज करावा."

टाइल्सवाली
अजून एक युक्ती. जीमेलच्या पत्त्यात ॲटच्या आधी अधिकचं चिन्ह टाकून काहीही लिहा, मेल येतोच. घराच्या वेळी फरशीच्या दुकानात 'अधिक टाइल्स' लावून दिला. वर्षभराने त्याच पत्त्यावर पर्सनल लोन, मग हेअर ट्रान्सप्लांट. पत्ता कुठून फुटला ते आपोआप कळलं. 'अधिक टाइल्स'ला आलेलं सगळं आता सरळ कचऱ्यात. काही फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत, तिथे नाइलाज.

अबोली७
झाला गं माझा पहिला फिल्टर!! 'अनसबस्क्राइब' शब्द असेल ते सगळं बाजूला. जुन्या मेलनाही लावायचं ती खूण केली आणि ६०००च्या वर गेले एका झटक्यात. 💃

निवांत
अहो, त्या लेबलमध्ये एकदा डोकावा. मुलांच्या शाळेचे मेलही त्यातच जातात कधी कधी, त्यांच्याही तळाशी तो शब्द असतो.

अबोली७
डोकावले. पालकसभा काल होती.

सांडगे
बाकी कढीलिंबताई, तो नाशिकचा फ्लॅट गंगापूर रोडला की सिडकोत?

कढीलिंब
गंगापूर रोड लिहिलंय.

सांडगे
मग नंबर द्या की. भाऊ भाड्याने शोधतोय.