चाके बाहेर आली नाहीत, तर विमान लगेच का उतरवत नाहीत?

फोंडेकर:
नमस्कार. माझी भाची राज्याबाहेरील एका संस्थेत वैमानिकाचे प्रशिक्षण घेते. गेल्या आठवड्यात ती प्रशिक्षकांसह परतत असताना एक इंजिनाच्या त्या छोट्या विमानाची चाके बाहेर आली नाहीत आणि तासभर घिरट्या घातल्यावर प्रशिक्षकांनी विमान पोटावर उतरवले. दोघांनाही खरचटलेसुद्धा नाही. परंतु माझ्या बहिणीची झोप उडाली आहे, आणि बिघाड कळल्यावरही तासभर वर का थांबले, या तिच्या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. दाबोळीच्या परिसरात विमानांवर काम केलेले अनेकजण येथे आहेत, म्हणून विचारतो.

चिखलीचा निवृत्त तंत्रज्ञ:
विमान कोणते होते, हे आधी कळायला हवे. पायपर ॲरोमध्ये चाके हलवणाऱ्या (हायड्रॉलिक) तेलाचा दाबच ती वर धरून ठेवतो, त्यामुळे तो दाब गेला की चाके स्वतःच्या वजनाने खाली येतात. सेस्ना 172 आरजीमध्ये विजेवरचा पंप बंद पडला, तर पुढच्या दोन आसनांमधला हातपंप मारून चाके खाली आणावी लागतात. मात्र तेलच गळून गेले असेल, तर हातपंप कितीही मारला तरी उपयोग होत नाही.

फोंडेकर:
सेस्नाच होते. हातपंप शेवटपर्यंत मोकळाच हलत राहिला, दाब आलाच नाही, असे भाची म्हणाली.

डिचोलीकर (उड्डाण प्रशिक्षक):
मग त्या तासाचा हिशेब तुमच्या बहिणीला अवश्य सांगा. चाके खरोखरच अडकली आहेत की केवळ दर्शक दिवा गेला आहे, हे प्रथम तपासावे लागते. त्यासाठी नियंत्रण मनोऱ्याजवळून कमी उंचीवर उडत जाऊन खालच्या माणसांना पाहायला सांगतात. दरम्यान इंधन जळून विमान हलके होते, त्यामुळे टेकतानाचा वेग कमी राहतो आणि आगीचे भयही घटते, शिवाय अग्निशामक गाड्यांना धावपट्टीजवळ येऊन उभे राहायला वेळ मिळतो. उतरण्यापूर्वी दारांच्या कड्या सोडून ठेवतात, म्हणजे सांगाडा वाकला तरी दार अडकत नाही. इंधन आणि वीज टेकण्याच्या सुमारास बंद करतात. पुढचा पंखा (प्रोपेलर) वाचावा म्हणून उंचावरच इंजिन बंद करण्याचा मोह काहींना होतो, तो मला अजिबात मान्य नाही, कारण अंतराचा अंदाज चुकला तर पुन्हा वर जाण्याचा मार्गच उरत नाही. पंखा आणि इंजिन नवे मिळते. तुमच्या भाचीच्या प्रशिक्षकांनी माणसे वाचवली, आणि घाई न करणे हाच त्यातला मोठा भाग होता.

मोठ्या विमानांतही हेच घडते. 1 नोव्हेंबर 2011 रोजी न्यूआर्कहून वॉर्साला आलेल्या पोलिश बोइंग 767 विमानाचे हायड्रॉलिक तेल गळाले होते, आणि चाके खाली आणण्याची पर्यायी यंत्रणा ज्या विद्युत मंडलावर चालत होती, त्याचा सर्किट ब्रेकर उघडा राहिल्याने तिथे वीज पोहोचत नव्हती. त्या विमानानेही उतरण्यापूर्वी तासाहून अधिक काळ घिरट्या घातल्या. आतले सर्व 231 जण सुखरूप बाहेर पडले.

चिखलीचा निवृत्त तंत्रज्ञ:
प्रशिक्षकांबद्दल सहमत आहे. हातपंपात दाब आला नाही, म्हणजे तेल गळून गेले असावे; माझी काळजी मात्र त्या गळतीची आहे. रबरी नळी आतून जुनी होते, जोडाशी बारीक चीर पडते आणि उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारताना ती चीर दिसतेच असे नाही. पोटाखालचा तेलाचा लालसर ओघळ तेवढा दिसतो, तोही कोणी खाली वाकून पाहिले तर. आपल्याकडे खाऱ्या, दमट हवेत धातूचे जोड आणि विजेचे संपर्कबिंदू लवकर गंजतात, म्हणून आम्ही ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता ते उघडून पाहत असू. भाचीला दोनच गोष्टी विचारायला सांगा: ती नळी शेवटची कधी बदलली होती, आणि आदल्या उड्डाणांनंतर तेल किती वेळा भरावे लागले होते. वारंवार तेल भरल्याची नोंद असेल, तर गळती त्या दिवशी सुरू झालेली नव्हती.

फोंडेकर:
आपले दोघांचेही मनापासून आभार. हे सारे बहिणीला आज रात्रीच वाचून दाखवतो. देखभालीच्या नोंदवहीबद्दल भाची उद्या संस्थेत विचारणार आहे.