ग्रामसभेत बोलणे आणि ऐकले जाणे : 'काळी माती' यांना उत्तर

उंबरठा (धागाकर्ती)

'काळी माती' यांनी परवा या चर्चामंचावर लिहिले की, सार्वजनिक विचारविनिमयावरचे संशोधन म्हणजे परदेशी विद्यापीठांत या विषयाचा जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास याच्या नावाने चाललेले पारायण आहे. त्यांच्या मते आपल्या ग्रामसभेत विचारविनिमय होत नाही, कालवा म्हणजे नुसता गोंगाट होतो, आणि यावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी एकदा तरी पत्र्याच्या शेडखाली सतरंजीवर बसून दाखवावे. दोन दिवस मी हे सोडून देण्याचा प्रयत्न केला. तो फसला, कारण सतरंजीवर बसूनच झालेले संशोधन उपलब्ध आहे आणि आपण त्याची टिंगल न वाचता केली आहे.

विजयेंद्र राव आणि परोमिता सन्याल या संशोधकांनी आंध्र, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या चार राज्यांतील सुमारे ३०० ग्रामसभांच्या शब्दशः नोंदी तपासल्या. कालवा त्यांनाही दिसला. मात्र त्या कालव्यातच एखादा भूमिहीन मजूर उठतो, दारिद्र्यरेषेच्या यादीत अमक्याचे नाव कसे आले असे गावादेखत विचारतो आणि तेवढ्या वेळापुरता का होईना बरोबरीचा नागरिक ठरतो, हे त्यांनी नोंदवले. २०१९ मध्ये रम्या पार्थसारथी, राव आणि नेत्रा पलनीस्वामी यांनी तमिळनाडूतील सभांवर जो निबंध प्रसिद्ध केला, तो तर आपल्याकडच्या प्रत्येक पंचायत समितीत वाचला जावा असा आहे. तेथे स्त्रिया पुरुषांपेक्षा कमी बोलतात, विषय ठरवण्यात मागे पडतात आणि अधिकाऱ्यांकडून त्यांना मुद्द्याला धरून उत्तरही कमी वेळा मिळते. सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असले म्हणून गावातील बायका अधिक बोलू लागतात असे विशेष दिसले नाही, परंतु ज्या बोलतात त्यांचे ऐकले जाण्याची शक्यता वाढते.

बोलणे आणि ऐकले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढेच मला सांगायचे आहे. माझ्या माहेरी २ ऑक्टोबरच्या सभेत आईने सांगितले की आमच्या आळीला पाणी दिवसाआड आणि तेही पहाटे साडेतीनला सुटते. "वहिनी, मुद्दा नोंदवून घेतला," असे उत्तर मिळाले. दहा मिनिटांनी शेजारच्या आळीतील एका गृहस्थांनी तेच सांगितले, तेव्हा पाणी सोडणाऱ्या शिपायाला जागच्या जागी बोलावणे गेले. आई त्या दिवशी बोललेली होती. आपण ज्याला कालवा म्हणता, त्यात कोणाला उत्तर मिळते आणि कोणाला मिळत नाही हे मोजण्याचे शास्त्र या मंडळींनी उभे केले आहे.

काळी माती

वाचनाची यादी दिल्याबद्दल आभारी आहे. ती वाचूनही माझे मत जागचे हललेले नाही, याबद्दल क्षमस्व.

पहिली गोष्ट, त्या चार राज्यांत महाराष्ट्र नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर आहे असे सांगून, व्यक्ती हाच घटनेचा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. ज्याच्या शेतावर मी उद्या मजुरीला जाणार, त्याच्या समोर उभे राहून मी मुक्तपणे विचार मांडावा, ही अपेक्षाच सुखवस्तू माणसाची आहे. आपल्याच विद्याशाखेतील, म्हणजे राज्यशास्त्रातील, लिन सँडर्स यांनी १९९७ मध्ये अमेरिकी ज्यूरीचे दाखले देऊन हेच म्हटले होते की, चर्चेत प्रतिष्ठित माणूस जास्त बोलतो आणि त्याचेच जास्त ऐकले जाते. त्या निबंधाचा आपण उल्लेख केला नाहीत, तो विसरलात असे मी समजतो.

माझा अनुभव सांगतो. आमच्या गावात दारू दुकानाचा विषय महिलांच्या सभेत निघाला, तेव्हा दारात दुकानदाराचा धाकटा भाऊ तंबाखू मळत उभा होता. ऐंशी बायका बसल्या होत्या आणि एकही बोलली नाही. आपल्या संशोधकांचे ध्वनिमुद्रण यंत्र तेथे असते, तर त्यात पंख्याचा आवाज आला असता. पुढे रीतसर मतदान लागले. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे आणि आडवी बाटली म्हणजे ते बंद व्हावे, अशी दोन चित्रे मतपत्रिकेवर होती. झालेल्या मतांच्या नव्हे, तर यादीतल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. तरीही बाटली आडवी झाली. त्याच बायका होत्या, फक्त मतदानाच्या पडद्याआड होत्या. मला चर्चा नको आहे, मला तो पडदा हवा आहे.

प्रोसिडिंग बुक

मी ३१ वर्षे ग्रामसेवक होतो, म्हणून दोघांचे वाचून थोडी करमणूक झाली. सभेत कोण काय बोलले यावर आपण भांडत आहात. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, जे लिहिले जाते तेच झालेले असते, आणि लिहिणारा मी होतो.

आपणांस माहीत नसेल तर सांगतो. १०० मतदार किंवा १५ टक्के, जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती (कोरम) लागते आणि ती बहुधा होत नाही. मग सभा तहकूब करायची, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. लोक आल्याबरोबर सह्या घ्यायच्या, कारण चहा झाला की माणसे उठतात. ठरावाखाली सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, असे लिहायचे. दोन ठरावांच्या मध्ये तीन बोटे जागा सोडायची, कारण तालुक्याहून चार दिवसांनी निरोप येतो की अमुक योजनेचा ठराव ग्रामसभेच्याच तारखेचा हवा आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही. माझ्याकडे तीन गावांचा कार्यभार होता आणि १५ ऑगस्टला तिन्ही ठिकाणी झेंडा एकाच वेळी असे. ग्रामसेवकाला शिव्या देणाऱ्यांपैकी कोणी हे लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

खडू-फळा

'प्रोसिडिंग बुक' साहेब, आपली करमणूक झाली हे वाचून आनंद झाला. आमची झाली नाही.

गायरानातील जागा एका संस्थेला देण्याच्या ठरावावर अनुमोदक म्हणून माझ्या वडिलांचे नाव आहे. त्या दिवशी वडील मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर पट्टी बांधून पुण्यात माझ्या घरी झोपलेले होते. माहितीच्या अधिकारात नक्कल मिळवली. ठरावाच्या वरचा आणि खालचा मजकूर निळ्या शाईत होता आणि मधल्या सहा ओळी काळ्या, अक्षर दाटीवाटीचे, शेवटचे दोन शब्द समासात घुसलेले. वडील हयात असेपर्यंत गावातले लोक त्यांना "तुम्हीच तर अनुमोदन दिले" असे ऐकवत राहिले. आपली तीन बोटे जागा म्हणजे कोणाची तरी जमीन असते, हे आपणांस ३१ वर्षांत कधी जाणवले नाही का?

डब्लिनकर

विषय थोडा मूळ जागी आणतो. आयर्लंडमध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे ९९ सामान्य नागरिक निवडून त्यांची सभा २०१६ पासून बसवली गेली. गर्भपातासारख्या प्रश्नावर त्यांनी तज्ज्ञांचे आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून शिफारस केली आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी घटनेतील गर्भपातबंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. सार्वमतात फक्त आयरिश नागरिकांना मत असते, त्यामुळे मी ते कठड्याबाहेर उभे राहून पाहिले. परंतु माझ्या कार्यालयात दुपारच्या डब्याच्या वेळी लोक ज्या शांतपणे यावर बोलत होते, तसे मी आपल्याकडे पाहिलेले नाही.

काळी माती

डब्लिनकर, मार्च २०२४ मध्ये त्याच देशात कुटुंब आणि संगोपन या विषयांवरील दोन घटनादुरुस्त्या लोकांनी सपशेल नाकारल्या. त्यांच्यामागेही नागरिक सभाच होती. डब्यातील पोळी तेवढीच शांतपणे खाल्ली गेली असेल.

डब्लिनकर

नाकारल्या, हे मान्य आहे. सभेने सुचवलेली शब्दरचना सरकारने बदलली होती, एवढे जोडून गप्प बसतो.

प्रोसिडिंग बुक

खडू-फळा यांना : मी आपल्या गावी कधीही नव्हतो. आपल्या वडिलांबाबत जे झाले ते वाईट झाले. परंतु आपण शिक्षक आहात असे नावावरून दिसते, म्हणून विचारतो. शालेय व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त आपण सभेतच लिहिता की शनिवारी दुपारी?

खडू-फळा

शनिवारी दुपारी. आणि म्हणूनच मी हा राग राखून बोलत नाही.

उंबरठा

धागा इतिवृत्ताने गिळला असे म्हणणार होते, परंतु दुसऱ्यांदा वाचताना उलटे वाटले. माझ्या आईचा मुद्दा वहीत सापडणार नाही आणि शेजारच्या गृहस्थांचा सापडेल. त्या संशोधकांनी वह्या चाळल्या असत्या, तर त्यांना ३०० ठिकाणी 'सर्वानुमते' मिळाले असते. त्यांनी प्रत्यक्ष बोलणे टिपून घेतले, म्हणून कोणाचे वाक्य अर्धवट तोडले गेले हे कळले. 'प्रोसिडिंग बुक' यांनी नकळत माझीच बाजू भक्कम केली, त्यांचे आभार.

'काळी माती' यांच्या पडद्याबद्दल : बाटलीला दोनच स्थिती असतात, म्हणून ती पडद्याआड आडवी करता येते. पाणी कोणत्या आळीला किती वाजता सोडायचे, हे मतपत्रिकेवर कसे छापणार? पडदा आणि सतरंजी यांतील एकच निवडावे लागते असेही नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे अभ्यासगट वेगळा बसतो. तेथे बाहेरच्यांनाही बोलावून वाटेल तेवढी चर्चा करतात, परंतु निर्णय घेत नाहीत. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने होतो. एखाद्याचे मन वळले नसेल तर विषय पुढे ढकलतात. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे हे गाव आहे, कालवा करणारे नव्हे. सँडर्स यांचा उल्लेख मी टाळला, हे मात्र खरे आहे. तो करायला हवा होता.

काळी माती

मेंढ्याचे उदाहरण येणार हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होते. महाराष्ट्रात ग्रामसभेची चर्चा मेंढ्यापाशी पोहोचल्याशिवाय संपत नाही. ते एकाच आदिवासी समाजाचे छोटे गाव आहे. आमच्या गावात अकरा जाती, दोन सहकारी सोसायट्या आणि एक साखर कारखाना मानणारे तीन गट आहेत. तेथे सर्वसहमतीपर्यंत थांबलो, तर गटाराचे पाणी माझ्या नातवाच्या लग्नात वाहत असेल.

पाण्याच्या वेळापत्रकाला मतपत्रिका चालणार नाही, एवढे मी मान्य करतो. ते मलाही कळत होते, फक्त आपण लवकर विचाराल असे वाटले नव्हते. आणि कोणाला उत्तर मिळाले हे मोजण्याला माझा विरोध नाही. दारात उभ्या असलेल्या त्या धाकट्या भावाला आपले संशोधक कोणत्या रकान्यात घालतात, तेवढे कोणी सांगावे.

उंबरठा

तो रकाना माझ्या वाचनात आलेला नाही. तो असायला हवा.

प्रोसिडिंग बुक

मी एकदा, नोकरीच्या मधल्या काळात, सभा संपण्याआधी प्रत्येक ठराव मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यानंतर सह्या घेतल्या. दीड तास लागला. दोन ठरावांवर लोकांनी "असे ठरलेच नाही" म्हणून हरकत घेतली, आणि त्यातली एक हरकत मागच्या रांगेतील बाईने घेतली होती. त्या बाईंना मी उत्तर दिले आणि ठराव खोडला. आठवड्याने सरपंचांनी माझ्या बदलीसाठी तालुक्याला पत्र दिले.

खडू-फळा

बदली झाली का?

प्रोसिडिंग बुक

झाली. पुढच्या गावी मी पुन्हा तीन बोटे जागा सोडू लागलो.