मदत हवी आहे : दातांची ठेवण आणि जबडा-मानेचे दुखणे

खालची दाढ काढल्यापासून माझ्या आईचे दात नीट जुळत नाहीत. तांदळाची मऊ भाकरी चावतानाही कानापुढच्या सांध्यात कट्ट असा आवाज होतो आणि कळ कानशिलातून मानेत उतरते. मालवणातील दंतवैद्यांनी दाढा घासून चाव समतल करण्याचे सुचवले आहे. परंतु घासलेला दात पूर्ववत होत नाही, आणि असे दुखणे केवळ चाव बिघडल्यानेच नव्हे, तर झोपेत दात आवळल्यामुळे, ताणामुळे किंवा स्नायू आखडल्यामुळेही होऊ शकते, म्हणून आधी रात्री दातांवर बसवायचे नाईट गार्ड आणि जबड्याचे व्यायाम करून पाहावेत, असे मला मनापासून वाटते. असे उपचार कोणी घेतले आहेत का? बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात जबड्याच्या सांध्यासाठी नेमके कोणत्या विभागात दाखवावे?