मशहद: मुस्लिमेतरांना आत जाता येतं का?

वर विचारलंय म्हणून सांगतो. मक्केत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, पण इराणमधल्या मशहदचं तसं नाही. शियांचे आठवे इमाम (धर्मनेते) रझा यांच्या इथल्या दर्ग्याच्या मोठ्या चौकांपर्यंत आम्हाला जाऊ दिलं. प्रत्यक्ष कबरीची जागा मात्र भाविकांची आहे, तिथे घुसू नये. बायकांना चादोर (डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारं वस्त्र) लागते, मोठा कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो.

इ.स. ८१८ मध्ये इमाम रझा इथे वारले. शिया त्यांना शहीद मानतात. मशहद म्हणजेच हौतात्म्याची जागा. त्याआधी खलिफा हारून अल-रशीदलाही इथेच पुरलं होतं, पण लोक रडतात ते इमामांसाठी.

जमलं तर सूर्यास्ताला चौकात थांबा. उंचावरच्या नक्कारखान्यातून नगारे आणि कर्णे वाजू लागतात आणि अंगावर काटा येतो. (शोकाच्या दिवसांत वाजवत नाहीत.) आपल्या देवळांच्या दारावरचा नगारखाना तो हाच शब्द, फारसीतून आलेला. मला तर क्षणभर घरच्या देवळात उभं असल्यासारखंच वाटलं.

गोहरशाद मशीदही चुकवू नका. तैमूरच्या सुनेने १४१८ साली बांधून घेतलेली. तिच्या निळ्या घुमटासमोर आम्ही तासभर नुसते बसून होतो.