खाडीकाठच्या गावांत रोजच्या ये-जा करण्याची पाहणी: काय विचारावं, कधी विचारावं?

नियोजन_विद्यार्थी

नमस्कार मंडळी. दाभोळ खाडीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे दापोली आणि गुहागर तालुक्यांतल्या काही वाड्यांत, लोकांच्या दिनक्रमाची आणि प्रवासाची पाहणी करायची आहे. तक्ता नेहमीचाच: काल उठल्यापासून झोपेपर्यंत कुठे गेलात, कशाने, किती वेळ, कशासाठी. चाचणीला भरून घेतला तर बायकांच्या तक्त्यात बहुतेक ठिकाणी "कुठेच नाही" एवढंच आलं. पुरुषांच्या तक्त्यात नुसतं "बाजार". रकाने कसे बदलावेत? आणि घरी माणसं भेटतात तरी कधी?

पाखाडी

"कुठे गेलात" असं विचारलंत की उत्तर तालुक्याच्या गावाचंच येणार. विहीर, गोठा, काजूची बाग, गिरण, रेशन दुकान हे कोणी जाण्यात धरत नाही. ठिकाण विचारू नका, काम विचारा: पाणी कोणी भरलं, किती खेपा, दळण कोणी नेलं, गुरं कुठे सोडली, लाकूडफाटा कुठून आणला. प्रत्येक कामापुढे जाणं, येणं आणि डोक्यावरचं ओझं असे तीन रकाने ठेवा. ओझं महत्त्वाचं. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरताना दहा मिनिटं लागतात, भरल्या कळशीने चढताना त्याची पंधरा-वीस होतात, आणि अंतर दोन्ही वेळा तेवढंच. किलोमीटर विचारण्यात अर्थ नाही, मिनिटंच घ्या. जाताना आणि येताना वेगळी.

दुसरं म्हणजे परस्पर होणारी कामं. बाजारात एक माणूस जातो आणि चार घरांची कामं करून येतो. गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि पैसे ओळखीच्या ड्रायव्हरकडे दिले की संध्याकाळच्या गाडीने औषध फाट्यावर उतरतं. तुमच्या तक्त्यात त्या घरातून कोणी हललंच नाही, पण काम झालं. "तुमचं काम दुसऱ्या कोणी केलं का" आणि "दुसऱ्यांची कोणती कामं करून आलात" हे दोन प्रश्न घातल्याशिवाय "बाजार" या शब्दाच्या आत काय आहे ते कळायचं नाही. रेशनला मात्र ही सोय नाही. मशीनवर कार्डातल्याच कोणाचा तरी अंगठा लागतो, आणि रेंज गेली तर तीच खेप दुसऱ्या दिवशी परत.

वस्तीची_गाडी

दिवसाचं वेळापत्रक एसटी ठरवते, हे धरून चाला. रात्री मुक्कामाला आलेली गाडी, म्हणजे वस्तीची गाडी, पहाटे सुटते. दवाखाना, कोर्ट, तहसील, चिपळूणचं काम असलेला माणूस तीच धरतो. मग शाळेची फेरी, मग दुपारची. ऑफिसचं काम अकराला संपलं तरी दुपारच्या गाडीपर्यंत माणूस स्टँडवरच असतो. "बाजारात चार तास" असं लिहून आलं तर त्यातले दोन वाट पाहण्याचे असू शकतात, म्हणून वाट पाहण्याला स्वतंत्र रकाना हवाच.

वेळ लिहिताना एक गफलत हमखास होते. लोक गाडीला कागदावरच्या वेळेने ओळखतात. "सातच्या गाडीने गेलो" म्हणजे ती सातला आलीच असं नाही. गाडी कुठली आणि प्रत्यक्ष आली कधी, दोन्ही विचारा.

रविवारी आणि मे महिन्यात शाळेच्या फेऱ्या बहुतेक बंद असतात. सोमवारी जाऊन "काल" विचारलंत तर रविवार हाती येईल, म्हणून मंगळवार ते शनिवार फिरा.

घरातलं कोण जाणार यात तिकिटाचाही हिशेब असतो. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि 75 वर्षांवरच्यांना त्याच्या आधीपासून, ऑगस्ट 2022 पासून, तिकीटच नाही. सहा आसनी रिक्षावाला सवलत देत नाही आणि रिक्षा भरल्याशिवाय हलतही नाही. एकट्याने "स्पेशल" केली तर सगळ्या सीटांचे पैसे मोजायचे, ते शक्यतो आजारपणातच. त्यामुळे वयाचा रकाना नीट भरा, "प्रौढ" एवढ्याने भागणार नाही.

ओहोटी

वरचं सगळं रस्त्याचं झालं. खाडीकाठी अर्धा दिवस पाण्यावर चालतो आणि तो घड्याळाला बांधलेला नाही. भरती रोज साधारण पाऊण-पाऊण तास पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चुकते. जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन: पूर्ण भरती दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास, ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी आणि नंतर. म्हणजे सकाळी पावणेनऊ. त्या दिवशी आठ ते दहा घरांत जाऊन हाका मारू नका, कालवं फोडणाऱ्या आणि मुळे-तिसऱ्या (शिंपल्यांचे प्रकार) काढणाऱ्या बायका खाडीत असणार. हा हिशेब ढोबळ आहे, पंधरवड्याच्या अखेरीला पाऊण तासापर्यंत चुकतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात खाली जातं, आणि ते सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी. तेव्हा ओहोटी दुपारी बाराला येते, पण पाणी फार उतरत नाही, खडक पुरता उघडा पडत नाही, त्यामुळे बायका घरी भेटण्याची शक्यता जास्त. तक्त्यावर तारखेशेजारी तिथी लिहा, नाहीतर दोन वाड्यांची तुलना भलतंच सांगेल.

पलीकडे जाणं वेगळं नोंदवा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर दुचाकीसह जाणारा आणि लहान होडीने उतरणारा यांना एका रकान्यात टाकू नका. होडी ओहोटीला धक्क्यापासून लांब चिखलात टेकते, पायातलं काढून हातात घ्यायचं, वर मासळीची पाटी. म्हातारी माणसं तेवढ्यासाठी भरती येईपर्यंत थांबतात. बोट बंद असेल तर चिपळूणवरून वळसा, म्हणजे बहुतेक लोक जाणंच रद्द करतात. रद्द झालेलं जाणं कुठल्याच तक्त्यात येत नाही, ते मुद्दाम विचारावं लागतं.

नियोजन_विद्यार्थी

रकाने बदलतो. महिना कोणता धरू? कॉलेज मे म्हणतंय.

पाखाडी

मे नको. चाकरमानी आलेले, आंबा काढणी, लग्नं, शिवाय अगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, खरेदी: मीठ-मिरची, सुकी मासळी, ताडपत्री, एकदम भरून. बाजाराच्या खेपा आणि ओझी फुगलेली दिसतील. गणपतीत तर गावच्या फेऱ्यांच्या गाड्या मुंबईकरांकडे वळतात, तेव्हाची ये-जा धरूच नका. जुलैत लावणी, अंधार पडेपर्यंत माणूस शेतात. शिवाय 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावावर अवलंबून असलेल्या विक्रेत्या बायकांचं फिरणं तेव्हा वेगळंच असतं. ऑक्टोबरात भातकापणी.

नोव्हेंबरअखेर ते जानेवारी बरा. एकच फेरी जमणार असेल तर हीच, दोन जमल्या तर दुसरी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. वेळ दुपारी साडेतीन ते साडेपाच. दोन ते साडेतीन वामकुक्षी असते, तेव्हा गेलात तर "हो, नाही"वर बोळवण होईल.

वस्तीची_गाडी

साडेपाच म्हणताय, पण परतीची गाडी बघून ठेवा हो. पहिल्याच दिवशी फाट्यावर विचारा की दुपारनंतरची शेवटची कोणती. ती गेली की वस्तीची गाडी रात्री येते आणि पहाटेपर्यंत हलत नाही.