४० टक्क्यांच्या खाली असलं तरी लेखनिक मिळतो
वर एका ताईंनी विचारलंय की अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर ४० टक्के नसतील तर परीक्षेत लेखनिक, म्हणजे आपण सांगू ते उत्तर लिहून देणारा, मिळतो का. ताई, मिळतो, अजिबात सोडू नका. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा निकाल आहे, विकास कुमारना रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडायचा त्रास होता, कोर्टाने सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही आणि मग ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने कमी टक्केवाल्यांसाठी नियमच काढले. लिहायला अडचण आहे असं सरकारी दवाखान्यातल्या अधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्यांचं, ठरलेल्या नमुन्यातलं पत्र मात्र लागतं, ते फॉर्म भरायच्या आधीच घेऊन ठेवा.

माझ्या भावाचं सांगते, अमळनेरहून पहाटेच्या एसटीने जळगावला गेला, कॉम्प्युटरवरचा तीन तासांचा पेपर, अपंगत्वासाठी तासाला २० मिनिटं म्हणजे पूर्ण एक तास जादा मंजूर, हॉल तिकिटावर छापलेलं. तरी तीन तास झाले अन् स्क्रीन बंद! सुपरवायझर म्हणे सिस्टीममध्ये टाकलेलंच नाही. त्याचे अठरा प्रश्न राहिले हो, अजून राग येतो मला. म्हणून बसल्या बसल्या आधी स्क्रीनवरचं घड्याळ बघा, जादा वेळ दिसत नसेल तर पेपर सुरू व्हायच्या आत हात वर करा आणि लेखी नोंद करायला लावा.