वेबसाइट बनवताना ‘हरवलेल्या’ फाइली : तुमचे अनुभव सांगा

गावच्या शाळेच्या शताब्दीसाठी मी ड्रीमवीव्हर या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये साइट बनवली. माझ्या लॅपटॉपवर ४० च्या ४० फोटो छान दिसत होते. सर्व्हरवर (जिथून साइट सगळ्यांना दिसते त्या कॉम्प्युटरवर) चढवली आणि मुख्याध्यापकांचा फोन आला, “सर, नुसत्या रिकाम्या चौकटी दिसताहेत.” रात्री कोड उघडला, तर प्रत्येक फोटोच्या पत्त्यात माझाच सी ड्राइव्ह! फोटो टाकताना ड्रीमवीव्हर दर वेळी विचारत होतं, ही फाइल साइटच्या फोल्डरबाहेर आहे, आत कॉपी करू का? घाईत मी ‘नो’ दाबत गेलो होतो. सगळं पुन्हा जोडेपर्यंत पहाट झाली. एक फोटो मात्र अजून येत नाही. तुमच्या फाइली कशा सापडल्या ते सविस्तर लिहा, नवशिक्यांच्या रात्री वाचतील.

*

माझे अर्धेच फोटो दिसायचे. न दिसणारे सगळे कॅमेऱ्यातले निघाले. कॅमेरा नावाच्या शेवटी कॅपिटल अक्षरांत जेपीजी लावतो, मी पानात स्मॉल लिहिलं होतं. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्स सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइली. आता नावं सगळी स्मॉल आणि मध्ये स्पेस नाही.

*

२००४ ची गोष्ट. फ्रंटपेज या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एका पतपेढीची साइट केली होती. भेटींचा आकडा दाखवणाऱ्या काउंटरच्या जागी फुटकं चित्र. ती फाइल मी दोन दिवस माझ्या फोल्डरात शोधली! काउंटरचं चित्र फ्रंटपेज एक्स्टेन्शन्स, म्हणजे सर्व्हरवर वेगळे बसवावे लागणारे जोड-प्रोग्राम, तयार करायची आणि आमच्या सर्व्हरवर ती नव्हतीच. काउंटर काढून टाकला.

*

वर्डमधून ‘वेब पेज’ म्हणून सेव्ह करणाऱ्यांनो, शेजारी त्याच नावाचा एक फोल्डर तयार होतो. चित्रं त्यात असतात. तोही चढवा.

*

माझा अनुभव मराठी नावांचा. मी मॅकवर काम करते. ‘वऱ्हाड’ नावाचा फोटो सर्व्हरवर डोळ्यांना दिसतोय, पानात नाव तेच, तरी ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, फरक दिसेना. शेवटी युनिकोडचे कोड, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षरासाठी वापरतो ते क्रमांक, काढून पाहिले. पानात ‘ऱ’ हे एकच अक्षर होतं, पण माझ्या जुन्या मॅकच्या फाइल सिस्टिमनं फाइलच्या नावात त्याचं ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) असं दोन तुकड्यांत रूप साठवलं होतं. आपल्याला एक दिसतं, सर्व्हरला दोन वेगळी नावं. आपल्या लिपीत नावं द्यावीत असं मला मनापासून वाटतं, पण सध्या मजकूर मराठीत आणि फाइलींची नावं रोमनमध्ये ठेवते.

*

ताई, तुमचं वाचून लगेच लॅपटॉप उघडला. माझा न येणारा फोटो ‘पायऱ्या’! माजी विद्यार्थ्यानं मॅकवरून पाठवलेला, पानात नाव मी हातानं टाइप केलेलं. फाइलला रोमन नाव दिलं, पानातही बदललं. शाळेच्या पायऱ्यांवर बसलेली १९७१ ची सातवी आत्ता समोर दिसतेय.